सगळं करायचं ना?

आत्याच्या आजारपणात एक काम आपसूक माझ्याकडे आलं. डॉक्टरांचं आत्याला सांगायचं, आत्याचं डॉक्टरांना सांगायचं, दोघांचं बाबांना सांगायचं आणि या सगळ्यातून जे उरेल ते लांब राहणाऱ्या चुलतभावाला, म्हणजे दादाला, फोनवर सांगायचं. घरात जो जरा मोकळा असतो आणि ज्याला रिपोर्ट वाचता येतो, त्याच्या गळ्यात हे पडतं. निरोप प्रत्येक हाताला थोडा बदलायचा. डॉक्टर म्हणत, “फुफ्फुसांची क्षमता आणखी घटलीये.” आत्याला मी “थोडी घटलीये” सांगायचे. बाबांपर्यंत पोचेतो त्याचं “फारसा फरक नाही” झालेलं असे, आणि दादा पलीकडून विचारायचा, “म्हणजे सुधारतेय ना?” खोटं कुणीच बोलत नव्हतं.

आजार होता पल्मनरी फायब्रोसिस. फुफ्फुसांत हळूहळू व्रण धरत जातात, ती जाड आणि ताठ होतात, आणि प्राणवायू रक्तात उतरणं अवघड होत जातं. पिर्फेनिडोन आणि निन्टेडॅनिब ही औषधं त्याचा वेग कमी करतात, पण झालेलं नुकसान भरून काढत नाहीत. त्यात या आजाराची चाल सरळ नसते. महिनोन् महिने माणूस एका पायरीवर असतो, आणि मग एखाद्या संसर्गानं किंवा काही कारण न सापडताही एकदम खाली येतो. त्यामुळे पुढचं बोलायला कुणी धजत नाही. कॅन्सरमध्ये निदान ‘स्टेज’ हा शब्द तरी असतो, त्यावरून संभाषण सुरू होतं. आमच्याकडे नुसते आकडे होते. सॅच्युरेशन किती, ऑक्सिजन किती लिटर, चालल्यावर किती उतरतं. आत्या निवृत्त गणिताची शिक्षिका, तिला आकड्यांचं वावडं नव्हतं. पण त्या आकड्यांचं पुढे काय होणार, हे तिला कुणी सांगत नव्हतं आणि आम्ही विचारत नव्हतो.

असाच एक झटका आला आणि तिला आयसीयूत हलवलं. रात्री ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर कागद घेऊन बाहेर आला, मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, “वेळ आली तर सगळं करायचं ना?” या प्रश्नाला ‘नाही’ कोण म्हणेल? ‘सगळं’मध्ये काय काय येतं, त्यातलं कशानं या फुफ्फुसांना उपयोग होईल, आत्याला स्वतःला काय हवंय, यातलं काहीच त्या वाक्यात नव्हतं. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला आत बरेच पेशंट होते आणि कागदावर एक रकाना भरायचा होता. पण असा प्रश्न ज्या व्यवस्थेत कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या विचारला जातो, त्या व्यवस्थेला मी देते.

त्या वेळी आत्या मास्कवरच निभावली. डिस्चार्जच्या दिवशी छातीच्या डॉक्टरांनी दारात मला सांगितलं, “एकदा पॅलिएटिव्ह टीमला भेटून घ्या.” म्हणजे आजार बरा होवो न होवो, पेशंटचा त्रास कमी करणाऱ्या टीमला. पुन्हा मलाच, आणि पुन्हा दारातच. बाबांना सांगितल्यावर ते उसळले. “तिला कॅन्सर नाहीये. आणि हे लोक शेवटी येतात ना?” बाबा आत्याचे धाकटे भाऊ. आई लवकर गेल्यामुळे त्यांना तिनंच वाढवलेलं.

हा गैरसमज आमच्या घरापुरता नाही. जागतिक आरोग्य संघटना गेली कित्येक वर्षं सांगतेय की ही सेवा जिवाला धोका असलेल्या कुठल्याही आजारात, अगदी सुरुवातीपासून, बाकीच्या उपचारांच्या जोडीनं द्यायची असते. त्यांच्याच अंदाजानं जगभरात ज्यांना तिची गरज असते त्यांच्यातल्या साधारण १४ टक्के लोकांनाच ती मिळते. टीमच्या डॉक्टरांनी नंतर बाबांना २०१० साली प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनमधल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरचे १५१ रुग्ण. ज्यांना सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह टीम भेटत होती त्यांचे दिवस जास्त बरे गेले, शेवटी त्यांच्यावर आक्रमक उपचार कमी झाले, आणि तरीही ती माणसं जास्त जगली, मध्यकानं ११.६ महिने, दुसऱ्या गटात ८.९. “तो कॅन्सरचा अभ्यास आहे, ताईंचा आजार वेगळा,” हेही त्यांनीच आपण होऊन सांगितलं. बाबांचा त्यांच्यावर विश्वास बसला तो बहुतेक या दुसऱ्या वाक्यामुळे.

पहिली भेट घरी झाली. डॉक्टर, एक सिस्टर आणि शिकाऊ डॉक्टर. डॉक्टरांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली, आत्याच्या नजरेच्या पातळीवर बसल्या, फोन बंद करून पर्समध्ये टाकला. मी सवयीनं फाईल उघडून इतिहास सांगायला लागले. “तुमच्याकडे येते मी,” त्या म्हणाल्या, “आधी त्यांच्याकडून ऐकू या. काय म्हणून हाक मारू तुम्हाला? आजी चालेल?”

“आजी नको. बाई म्हणा. पस्तीस वर्षं तेच ऐकलंय.”

“बरं बाई. आजाराबद्दल आत्तापर्यंत तुम्हाला काय समजलंय?”

आत्यानं वाक्यावाक्याला थांबत सांगितलं. “फुफ्फुसं दगड होत चाललीत. गोळ्यांनी वेग कमी होतो, उलटं फिरत नाही. मागच्या खेपेला वाचले ते थोडक्यात. आणि ही पोरगी मला दर वेळी अर्धंच सांगते.”

सिस्टर हसल्या. मलाही हसू आलं, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

मग डॉक्टरांनी जे विचारलं ते मी त्याआधी कुठल्याच ओपीडीत ऐकलं नव्हतं. “पुढचं किती सांगू? काहींना सगळं हवं असतं, काहींना मोजकं, काही म्हणतात घरच्यांना सांगा. तुमचं काय?”

आत्यानं ऑक्सिजनची नळी नीट केली, जरा विचार केला. “काय होणार ते सांगा. कधी होणार ते मला नको. ते हिला सांगा.”

बाबा आणि मी कित्येक आठवडे वाद घालत होतो, सांगायचं की लपवायचं. आत्याचं उत्तर या दोन्हींत बसत नव्हतं. तिला रस्ता माहीत हवा होता, मैलाचे दगड नको होते. हे तिला विचारल्याशिवाय कुणालाही कळलं नसतं. सांगण्याचं प्रमाण पेशंट ठरवतो, आणि ते आज एक असतं, पुढच्या महिन्यात दुसरं. डॉक्टरांनी तो प्रश्न पुढे जवळजवळ प्रत्येक भेटीत वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा विचारला. एकदा आत्या म्हणाली, “आज काही नको, आज नुसत्या बसा.” त्या बसल्या.

“सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?” या प्रश्नावर मात्र तिनं क्षणाचाही विलंब लावला नाही. “गुदमरण्याची.”

यावरचं बोलणं सगळ्यात लांबलं. धाप लागली की घाबरगुंडी उडते, घाबरलं की श्वास आणखी वरवरचा होतो आणि धाप वाढते. हे चक्र कुठे कुठे तोडता येतं ते सिस्टरांनी करून दाखवलं. पुढे उशी घेऊन वाकून बसायचं, ओठ फुंकर मारल्यासारखे करून श्वास सोडायचा, हातातला छोटा पंखा गालावर आणि नाकाजवळ धरायचा. चेहऱ्यावरच्या गार वाऱ्यानं अनेकांना धाप कमी जाणवते, हे ऐकून बाबांचा चेहरा असा झाला, की एवढ्यासाठी टीम आणली का? पण पुढे अर्ध्या रात्री तोच पंखा कामी आला. मग छोट्या डोसमध्ये मॉर्फिन. बाबा लगेच म्हणाले, “त्यानं श्वास बंद पडतो.” सिस्टरांनी वाद घातला नाही. विचारलं, “हे कुठे ऐकलंत?” बाबांनी सांगितलं, त्यांनी पूर्ण ऐकलं, आणि मग सांगितलं: अगदी कमी मात्रेपासून सुरुवात करू, बेतानं वाढवू, अशा रीतीनं दिलं की श्वास थांबण्याची भीती फार कमी असते. सुरुवातीची गुंगी बहुधा काही दिवसांत उतरते. बद्धकोष्ठता मात्र उतरत नाही, त्यामुळे पोट साफ होण्याचं औषध रोज, न चुकता.

“मला गुदमरू देणार नाही असं सांगा,” आत्या म्हणाली.

“धाप लागणारच नाही, असं वचन मी नाही देणार,” डॉक्टर म्हणाल्या. “पण लागली तर तुम्हाला औषधाविना ठेवणार नाही. साध्या औषधांनी भागलं नाही तर झोप लागेल असं औषधही देता येतं. ते कधी द्यायचं हे आपण आधीच बोलून ठेवू.”

आत्यानं मान हलवली. तिला गोड उत्तर नकोच होतं.

शिकाऊ डॉक्टर तेवढ्यात म्हणाला, “मला समजतंय तुम्हाला काय वाटतंय.” आत्यानं त्याला चष्म्यावरून न्याहाळलं. “तुला कसं समजेल बाळा? तू पंचविशीतला, धडधाकट.” बिचारा कानापर्यंत लाल झाला. वाईट बातमी कशी सांगावी याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, हे मला मागाहून कळलं. वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेली ‘स्पाइक्स’ नावाची सहा पायऱ्यांची पद्धत पुष्कळ ठिकाणी शिकवतात. आधी जागा आणि बैठक, मग पेशंटला काय ठाऊक आहे, मग किती ऐकायचंय, मग माहिती, मग भावनांना जागा, आणि शेवटी पुढची दिशा. आमच्या डॉक्टरही त्याच वाटेनं गेल्या होत्या, फक्त पायऱ्या दिसत नव्हत्या. त्या मुलाच्या दिसत होत्या. माझ्या मते तरीही पाठ केलेल्या पायऱ्या कॉरिडॉरमधल्या प्रश्नापेक्षा शंभर पटीनं बऱ्या. पुढच्या भेटीत तो आत्याजवळ काही न बोलता बसला, तिनंच त्याला एक गणित घातलं.

कागदपत्रं कुठे आहेत, झोप लागते का, देवाधर्माचं काही मनात आहे का, कुणाशी बोलायचं राहिलंय का, असंही सिस्टर विचारत. श्वासाच्या आजारात हे कशाला, असं वाटू शकतं. या विचाराचं मूळ सिसिली सॉन्डर्स यांच्याकडे जातं. त्या आधी नर्स, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि नंतर डॉक्टर झाल्या, आणि १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं. दुखणं शरीराचं असतं तसंच मनाचं, नात्यांचं आणि श्रद्धेचंही असतं, ते एकत्रच बघावं लागतं, हे त्यांनी पेशंटचं ऐकून ऐकून मांडलं. आत्याचं दुखणं निघालं एका जुन्या सहकारी मैत्रिणीशी तुटलेलं बोलणं. सिस्टरांच्या प्रश्नानंतर तिनं स्वतःच फोन लावायला सांगितला. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

मग आली कुटुंबाची बैठक. अशी बैठक बऱ्याचदा पेशंटला वगळून होते. आमच्या टीमनं आत्याला विचारलं, ती म्हणाली, “माझ्याबद्दल आहे ना? मग मी असणार.” बाबा, मी, दादा व्हिडिओ कॉलवर, आणि टीमबरोबर छातीचे डॉक्टरही. बैठकीआधी ते सगळे आपसांत बोलून घेत होते, तेवढा वेळ आम्हाला बाहेर बसवलं. त्याचा मला आधी राग आला. नंतर लक्षात आलं, की आतापर्यंत एक डॉक्टर ‘बघू’ म्हणायचे, दुसरे ‘अवघड आहे’ म्हणायचे, आणि त्या दोन शब्दांच्या मधल्या फटीत आम्ही अडकायचो. ती फट ते आमच्यासमोर येण्याआधी बुजवत होते.

सुरुवातीला प्रत्येकाला विचारलं, तुम्हाला काय समजलंय. दादा म्हणाला, औषधं बदलली की फरक पडेल. बाबा म्हणाले, हवापालट केली तर. आत्या ऐकत होती. एकाच पेशंटचे इतके वेगळे आजार एका खोलीत मी पहिल्यांदाच ऐकले, आणि ते सगळे माझ्याच तोंडून गेलेले निरोप होते. दादानं फुफ्फुसाच्या प्रत्यारोपणाचं विचारलं. छातीचे डॉक्टर सरळ म्हणाले, “नाही. या वयात आणि इतक्या अशक्तपणात ती शस्त्रक्रियाच झेपणार नाही.” हे मी सांगितलं असतं तर दादानं आणखी चार ठिकाणी विचारलं असतं. त्यांच्या तोंडून ऐकल्यावर तो गप्प झाला, आणि मग कॅमेऱ्यापासून जरा बाजूला झाला.

बाबांनी विचारलं, “म्हणजे तुम्ही आशा सोडली.”

डॉक्टर लगेच काही बोलल्या नाहीत. हे गप्प राहणं मला त्या वेळी असह्य झालं होतं. मग त्या म्हणाल्या, “ताई बऱ्या व्हाव्यात असं मलाही वाटतं. तसं होईल असं मला दिसत नाही. तुम्हाला त्यांच्यासाठी सगळ्यात जास्त काय हवंय?”

“तिनं मला वाढवलं. आणि मी नुसता बघत बसू?”

उत्तर आत्यानं दिलं. “बघत बसू नकोस. माझ्याजवळ बस. फक्त त्या व्हेंटिलेटरच्या नळीसाठी सही करू नकोस.”

मग व्हेंटिलेटरचं बोलणं झालं. यंत्र हवा ढकलू शकतं, ताठ झालेलं फुफ्फुस मऊ करू शकत नाही. या आजारात एकदा त्यावर गेलं की सुटून घरी येणारे फार थोडे. आत्याला काय चालेल आणि काय नको हे एका पानावर लिहिलं गेलं. ऑक्सिजन चालेल, संसर्गाला औषध चालेल, सलाईन गरज वाटली तर चालेल; नळी, आयसीयू, छाती दाबणं नको; शक्यतो घरीच. अशा कागदाला कायद्यानं किती वजन हे देशागणिक वेगळं असतं, आणि तो रीतसर कसा करायचा हेही टीमनंच समजावलं. लिहिलेलं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. आत्यानं एक शुद्धलेखनाची चूक काढली आणि सही केली.

‘कधी’चं उत्तर डॉक्टरांनी मला त्याच दिवशी वेगळ्या खोलीत दिलं, आत्याला सांगून. “आकडा नाही देत, पट्टा देते. वर्षं नाहीत, महिने असावेत. मोठा झटका आला तर आठवडे, कदाचित दिवस.” पुढची आखणी मी त्या पट्ट्यावर केली. तारीख मिळाली असती तर मी त्या तारखेकडे बघत बसले असते.

घरच्या काळातली एक गोष्ट सांगायलाच हवी. बाबा आत्याच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरसमोर तासन् तास बसायचे. आकडा दोननं उतरला की त्यांचा आवाज चढायचा, तो ऐकून आत्याची धाप वाढायची, की आकडा आणखी उतरायचा. सिस्टरांनी ते यंत्र काढून कपाटात ठेवलं आणि बाबांना एक वही दिली. “आकडे नको. कपाळावर आठ्या आहेत का, खांदे वर खेचले जातायत का, वाक्य पूर्ण बोलता येतंय का, कुठलं औषध कधी दिलं, एवढं लिहा.” पहिले दोन दिवस ते कपाटाभोवती घुटमळले. मग त्यांची नजर तिच्या चेहऱ्याकडे गेली. जेवणावरूनही असंच झालं. ते घास घेऊन मागे लागायचे. सिस्टर म्हणाल्या, “जेवत नाहीत म्हणून आजार पुढे जात नाहीये. आजार पुढे गेलाय म्हणून भूक गेलीये.” आणि ओल्या बोळ्यानं ओठ, जीभ कशी ओली ठेवायची ते शिकवलं. बाबांना काम मिळालं.

एका सुट्टीच्या दिवशी धाप वाढली म्हणून मी टीमच्या चोवीस तासांच्या नंबरावर फोन केला. अनोळखी डॉक्टर होते. सॅच्युरेशन विचारलं, ते मोजत नाही म्हटल्यावर चिडले. “ताबडतोब ॲम्ब्युलन्स बोलवा, आयसीयूत न्या.” मी ते पान फोनवर वाचून दाखवलं. पलीकडे शांतता, मग “थांबा, फोन करतो.” थोड्या वेळानं सिस्टरांचाच फोन आला आणि मॉर्फिनचा जादा डोस, पंखा, उशी यांवर रात्र निघाली. पण तो मधला वेळ बाबा चपला घालून दारात उभे होते.

शेवटच्या रात्रीचं बरंचसं आम्हाला आधी सांगितलेलं होतं, त्यामुळे त्याबद्दल फार लिहीत नाही. श्वासांमध्ये खंड पडायला लागला, घशात घरघर सुरू झाली. सिस्टरांनी फोनवर विचारलं, “एका मिनिटात किती श्वास? कपाळावर आठ्या? हातपाय गार?” आणि सांगितलं, “गिळता येत नाही म्हणून स्राव साठतात. ऐकणाऱ्याला त्याचा त्रास जास्त होतो, त्यांना बहुधा नाही. कुशीवर वळवा. मी निघाले.” त्यांनी येऊन कातडीखाली इंजेक्शन दिलं. बाबा बोलत राहिले, लहानपणचं काहीबाही. पहाटेच्या सुमारास आत्या गेली.

काही आठवड्यांनी टीमच्या समुपदेशकांचा फोन आला. माझ्याशी वेगळ्या बोलल्या, बाबांशी वेगळ्या. बाबांनी त्यांना जे विचारलं ते आम्हाला कधी विचारलं नव्हतं: “त्या शेवटच्या इंजेक्शननं गेली का ती?” समुपदेशकांनी फोनवर दिलासा देऊन विषय संपवला नाही. डॉक्टरांची वेळ घेऊन आम्हाला बोलावलं. डॉक्टरांनी बाबांचीच वही टेबलावर उघडली आणि त्यांच्याच अक्षरातल्या नोंदी त्यांना वाचायला लावल्या. मॉर्फिनची मात्रा शेवटचे दिवस तीच होती. श्वासात खंड इंजेक्शनच्या कितीतरी आधी पडायला लागले होते, वेळेसकट लिहिलेलं होतं. इंजेक्शन घरघर कमी करण्याचं होतं, तेही त्यांनी नाव आणि मात्रा दाखवून समजावलं. बाबांनी ती पानं दोनदा वाचली. मग विचारलं, वही परत नेऊ का? न्या म्हणाल्या.

निघताना त्यांनी विचारलं, आमच्याकडून काय कमी पडलं. मी सुट्टीच्या दिवसाचं सांगितलं. आत्याचं ते पान फाईलमध्ये होतं, फाईल कपाटात, आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांना ती दिसण्याची सोयच नव्हती, हे त्यांनी मान्य केलं. आता घरी असलेल्या प्रत्येक पेशंटचा गोषवारा आणि असा कागद सुट्टीआधी ड्यूटीवरच्या डॉक्टरांकडे जातो, म्हणाल्या. हे पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं, असं मी म्हटलं. त्यांनी हो म्हटलं.